१,७८,००० किलोमीटर आणि जयगडची फेरीबोट

शुक्रवार, रात्री

आंबेवाल्यांचे हिशेब हातावेगळे केले आणि कोल्हापूरच्या मुलाने पाठवलेले कागद उघडले. व्हॉट्सअ‍ॅपवर बिलांचे फोटो, काही आडवे, काही उलटे. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची जोरकस, स्पोर्टी आवृत्ती, २००६ सालची, लाल, पाच गिअर, १,७८,००० किलोमीटर. मागतोय साडेचार लाख.

चार दारं आणि मागे लग्नाचं सामान मावेल एवढी डिकी, म्हणून खरे स्पोर्ट्स कारवाले हिला आपल्यात घेणार नाहीत. नाही तर नाही. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, कारखान्यातून निघताना १५० अश्वशक्ती. पहिल्या ऑडी टीटीत याच घराण्याचं इंजिन होतं. मी पुण्यात सीएची आर्टिकलशिप करत होते तेव्हा आमच्या ऑफिसखाली अशीच एक लाल उभी असायची. मी तेव्हा बसने जायचे. यापलीकडे त्या आठवणीत काही नाही, पण ती गेलीही नाही.

पहिल्या मालकाची शिस्त बघून बरं वाटलं. १,२०,००० पर्यंत प्रत्येक ऑइल बदलाचं बिल आहे. टायमिंग बेल्ट ९०,००० ला बदललाय, वॉटर पंपसकट. मग गाडी या मुलाकडे आली आणि बिलं संपली. पुढे नुसते फोटो: मोठा टर्बो, मोकळा डाउनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप), गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, सतरा इंची अलॉय. लॅपटॉप लावून इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रीमॅप केलाय, ‘आरामात २२० घोडे आहेत मॅडम’. असतीलही. पण एखाद्या अशिलाने अशी फाइल आणली असती, तर मी भरलेली वर्षं बाजूला ठेवून रिकामी वर्षं आधी मागितली असती.

शनिवार

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या गॅरेजमध्ये चाचांना फोटो दाखवले. आमची जुनी वॅगनआर त्यांच्याच जिवावर चालते. मी आकडा सांगायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“ताई, किलोमीटर राहू द्या. उभी किती होती ते विचारलंत?”

नव्हतं विचारलं. तिथल्या तिथे फोन लावला. दोन पावसाळे शेडमध्ये झाकून होती, म्हणाला, तो बेंगळुरूला नोकरीला होता तेव्हा. चाचांनी मान हलवली. त्यांचं म्हणणं असं की रोज पळणाऱ्या गाडीचं काय झिजलंय ते ऐकू येतं. उभ्या गाडीचे रबर, सील, ब्रेकचे कॅलिपर गपचूप जातात, टाकीत पेट्रोल शिळं होतं. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. २००६ च्या गाडीचे पेट्रोल पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत, ते आधी बदलून घ्यायचे. आणि हे रीमॅप कुठल्या साली केलं? जुन्या पेट्रोलवर बसवलेलं गणित आजच्या पेट्रोलवर तसंच जुळेल कशावरून?

टायमिंग बेल्टपाशी ते जास्त वेळ थांबले. ९०,००० ला बदललेला बेल्ट आता पुन्हा जवळजवळ तेवढाच चाललाय, शिवाय रबराला वयही असतं. हा बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हना भिडतात. वीस व्हॉल्व्ह. “मग ते २२० घोडे भंगारवाल्याच्या हातगाडीवर,” असं म्हणून ते दुसऱ्या गाडीखाली शिरले.

रविवार, उशिरा

कोल्हापूरला जाऊन आले. नवरा बरोबर होता, पण त्याचं लक्ष तांबड्या रश्श्यात. साखरप्यापर्यंत ऊन होतं, आंबा घाटात वर ढग. वळवाच्या दोन सरी पडून गेलेल्या, रस्ता काळा आणि निसरडा. या वळणांवर ती कशी चालेल हा विचार जाताना मनात होता, तो मी दाबला नाही.

मी आधीच बजावून ठेवलं होतं की मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. गरम इंजिन बरंच काही लपवतं. बोनेटला हात लावून बघितला, थंड. पहिल्या सेल्फला सुरू झाली, ठोका एकसारखा. पाच मिनिटं तशीच ठेवून मग एकदम अ‍ॅक्सिलरेटर दिला, नवऱ्याला मागे उभं केलं. निळा धूर नाही. म्हणजे टर्बोचे सील अजून तेल गिळत नाहीत.

पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. इथे मला नीट लिहायचंय, कारण उद्या आकडेमोड सुरू झाली की हे मी स्वतःला कबूल करणार नाही. दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमपर्यंत काहीच नाही, आमच्या वॅगनआरसारखीच आपली. मग टर्बोची हलकी शिट्टी, आणि पाठ सीटमध्ये रुतते. स्टिअरिंग दोन्ही हातांत जड होऊन डावी-उजवीकडे ओढ घेतं, कारण सगळी ताकद पुढच्याच चाकांवर. मी मोठ्याने हसले. तो मुलगा शेजारी बसून माझ्याकडे बघत होता, मीटरकडे नाही. विकणाऱ्याला ते हसू कळलं असणार, किमतीत दिसेलच.

चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर पाय पूर्ण दाबला. आरपीएमचा काटा वर गेला, गाडी मात्र त्याच वेगात. क्लच घसरतोय. इंजिनाची ताकद वाढवली, क्लच कारखान्याचाच ठेवला. मला वाटतं गाडीबद्दल सगळ्यात जास्त यातूनच कळलं. ज्याने जे ऐकू येतं आणि दिसतं त्यावर पैसे घातले, त्याने जे दिसत नाही ते तसंच सोडलं असणार. एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटरची मला भीती नाही. त्यातले शेवटचे अठ्ठावन्न हजार कोणाच्या पायाखाली गेले, ती आहे.

जॅकवर चढवून खाली बघितलं. या गाड्यांचा मूळ पत्रा गॅल्व्हनाइज्ड असतो, तो छान आहे. पण डाव्या मागच्या दाराखाली रंगाची जाडी वेगळी लागली, कधीतरी ठोकून काढलंय. कोल्हापूरच्या हवेत ते दहा वर्षं काढेल. आमच्याकडे भाट्याच्या खाऱ्या समुद्री वाऱ्यात ग्रिलची नवी रंगवलेली सळईसुद्धा दोन वर्षांत फुगते.

सोमवार

कागदांचा दिवस. नोंदणी २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी वाढवलेली, ती येत्या नोव्हेंबरात संपते. वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरण फी २०२५ पासून १०,००० झालीय, वर पर्यावरण कर. पैशांचं फार नाही. पण त्याआधी गाडी आरटीओत तपासणीला उभी करायची, आणि आत्ता ती ज्या अवस्थेत आहे तशी उभी करणं म्हणजे आपल्या पायाने जाऊन सांगणं. मोकळ्या डाउनपाइपमध्ये धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच नाही. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. विम्याच्या अर्जावरही हे बदल कुठे लिहिलेले नाहीत, मी विचारलं. म्हणजे अपघात झाला तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण.

सासूबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, “आणि हेदवीला कशी नेणार?”

माझं माहेर. रत्नागिरीहून जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, पुढे हेदवी. चिपळूणवरून जायचं तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून आम्ही कायम बोटीनेच. ओहोटीला बोट खाली जाते आणि फळीचा उतार असा होतो की चढवताना वॅगनआरचासुद्धा बंपर सांभाळावा लागतो. मागून मोटारसायकलवाले हॉर्न देतायत, पोरगा ‘घ्या, घ्या, येऊ द्या’ करतोय, आणि खाली बसवलेली ऑक्टाव्हिया फळीच्या टोकावर पोट टेकून अडकलीय. घाट, पाऊस, गंज या सगळ्यांचं मी कागदावर उत्तर लिहिलं होतं. फेरीबोट माझ्या यादीत नव्हतीच, आणि नेमकी तीच जागा आम्हाला महिन्याला लागते. भरतीचं वेळापत्रक बघून माहेरी जायचं का आता?

बरं, तिथे न्यायची नाही असं ठरवलं, तर मग ही गाडी आरे-वारेच्या रस्त्यावर रविवारी सकाळी एक फेरी मारून बाकी आठवडा झाकून ठेवायची. जून ते सप्टेंबर तर सोडूनच द्या. म्हणजे पुन्हा उभी. चाचांनी पहिलाच प्रश्न तो विचारला होता.

मंगळवार

त्याला विचारलं, मूळ स्प्रिंगा कुठे आहेत? शेडमध्ये आहेत, शॉक अ‍ॅब्झॉर्बरसकट. मूळ एक्झॉस्ट? तो विकला.

मग मी सरळ लिहून पाठवलं. गाडी मूळ उंचीवर आणून द्यायची. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, क्लच, बेल्टचा पूर्ण संच, पेट्रोलचे पाइप यांचा खर्च किमतीतून वजा. इसीयूवर कारखान्याचा मूळ प्रोग्रॅम परत टाकायचा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, माझ्यासमोर मोजायचं; एक जरी बाकीच्यांपेक्षा बराच खाली निघाला तर विषय संपला. या सगळ्यावर तीन लाख दहा.

संध्याकाळी त्याचा फोन. आवाजात राग नव्हता, दुखावलेला होता. “मॅडम, मग यात आरएसचं राहिलं काय?”

दीडशे घोडे राहिले, म्हटलं. तेवढेच घेऊन ती आली होती.

तो तीन लाख चाळीसवर आलाय. मी तीन दहावरून हलणार नाही, निदान या आठवड्यात तरी. सौदा झालाच तर मृगाच्या आत आणायची, आणि ९०,००० नंतर बेल्ट पुन्हा बदलल्याचं बिल सापडेपर्यंत किंवा नवा बेल्ट पडेपर्यंत चालवत आणायची नाही. आंबा घाट ती टोइंगच्या गाडीवर बसून उतरेल. ते भाडं कोणी द्यायचं यावर अजून बोलणं झालेलं नाही.