‘प्रॅक्टिस केली का?’ होय / नाही

फिजिओथेरपीचं लायसन्स रिन्यू करायचं मी विसरले नव्हते. रिन्यूअलची ईमेल आली त्याच महिन्यात सासूबाईंना पक्षाघात झाला, आणि पुढची सहा वर्षं माझ्याकडे त्या एकच पेशंट.

परत काम सुरू करायचं म्हटल्यावर वाटलं, लेट फी भरली की झालं. काही महिन्यांचा उशीर असता तर कदाचित तेवढ्यावर भागलंही असतं. पण वर्षं उलटल्यावर गाडी वेगळ्याच रुळावर जाते: आधीच्या नोकऱ्यांची पत्रं, चारित्र्य पडताळणी, बुडालेले सीपीडीचे (काम करता करता शिकत राहण्याच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचे) तास, आणि अनुभवी फिजिओच्या देखरेखीखाली ठरावीक काळ काम. सगळ्यात रखडलं ते पूर्वी मी जिथे नोंदणीत होते तिथल्या मंडळाचं ‘गुड स्टँडिंग’ पत्र, म्हणजे माझ्याविरुद्ध काही कारवाई नाही असा दाखला. ते त्यांनी थेट पाठवायचं असतं. मी जोडलेली प्रत परत आली. हे पत्र सर्वांत आधी मागवा.

पण खरी अडले ती फॉर्ममधल्या एका ओळीपाशी. ‘लायसन्स संपल्यानंतर प्रॅक्टिस केली का?’ सासूबाईंना रोज पलंगावरून उठवून चालवत होते, ते काय? शेजारच्या काकूंना गुडघ्याचे व्यायाम दाखवले होते, तेही आठवलं. ‘नाही’वर टिक करून मोकळं व्हायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू! शेवटी फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “सगळं लिहून द्या, काय ते आम्ही ठरवू.” पानभर पत्र लिहिलं: पैसे घेतले नाहीत, फिजिओ म्हणून मिरवले नाही. त्यावर एक खुलासा मागितला, तो दिला, विषय संपला. सहा वर्षांची ती सेवा अनुभवात मात्र धरली नाही.

अभ्यासात हादरा बसला तो ‘राइस’चा. मुरगळलं की आराम, बर्फ, दाब, उंची (इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘राइस’), हे आम्ही घोकलेलं. १९७८ मध्ये ते नाव देणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं होतं की बर्फ आणि पूर्ण आरामाने बरं व्हायला उशीर लागू शकतो. म्हणजे माझं लायसन्स चालू होतं तेव्हाच! मी तेव्हाही बर्फाची पिशवीच धरून होते.

देखरेखीखालच्या पहिल्याच दिवशी एका सत्तरीच्या गृहस्थांना खुर्चीतून उभं करताना तोंडातून सवयीने निघालं, “आई, आधी पुढे वाका.” मॅडमना हसू आवरेना. गृहस्थ निमूटपणे पुढे वाकले.