कडेची माणसं

पावसाळा सरला की कॅमेऱ्याचं सामान उन्हाला काढायचं, हे धाकट्या मामाने लावलेलं वळण. कपाटात बल्ब कितीही जळत ठेवा, मुंबईच्या हवेत काचेला बुरशी धरते ती धरतेच. काल दुपारी त्याची निक्कॉर 25-50 हाताला लागली आणि बाकीची आवराआवर तशीच राहिली.

निकॉनची ही 1979ची झूम लेन्स, 25 ते 50 मिलिमीटरची: 25 वर दृश्य रुंद, 50 वर माणसं जवळ. वजन 600 ग्रॅम, पुढे 72 मिलिमीटरचा फिल्टर लागतो. त्या काळच्या पुष्कळ झूमना एकच रिंग, फोकसला तीच फिरवायची आणि झूमला तीच पुढेमागे ओढायची, हिला दोन. फोकसची रिंग अजूनही बोटाला जडशी लागते, पण अडकत नाही कुठे. हल्लीच्या कित्येक लेन्सची रिंग नुसती गरगरते, अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसच्या खुणेपाशी थांबायचीही तिला गरज वाटत नाही. मला हा शुद्ध उद्धटपणा वाटतो.

मामा आधी 50 वर नेऊन कुणाच्या तरी डोळ्यांवर फोकस लावायचा, मग 25 वर यायचा. 25 वर माणसं एवढीशी दिसतात, त्यात एफ/4ची लेन्स उजेड कमी घेते म्हणून व्ह्यूफाइंडर अंधुक. कळणार काय डोंबल?

त्याच्याकडे नुसती 50ची, झूम नसलेली लेन्स होती तेव्हा बारशाचा ग्रुप फोटो म्हणजे मामा गॅलरीत, वाळत घातलेल्या लुगड्यांखाली वाकलेला, आणि "अजून आत सरका, आत!" ही झूम आल्यावर तो खोलीतच कपाटाला पाठ लावून उभा राहायला लागला. 25 वरच्या 80 अंशांच्या रुंदीत अख्खं खानदान मावायचं. फक्त कडेची माणसं पसरायची. मधल्यांचे चेहरे जसेच्या तसे, टोकाच्यांचे गाल आडवे ताणलेले. ताईने हे फार लवकर ओळखलं होतं. कोपराने ढकलत ती बरोब्बर मध्ये घुसायची.

मोठी मामी मात्र दर फोटोत कडेला. सगळे उभे राहिले की मामा ओरडायचा, "वहिनी, या की लवकर!" मग ती पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून यायची. तोवर जागा उरलेली असायची ती टोकाचीच.

ती गेली तेव्हा हार घालायला फोटो शोधला. अल्बम ढीगभर, तिचा एकटीचा एकही नाही. शेवटी एका बारशातून तिला कापून काढलं. स्टुडिओवाल्याने कंप्युटरवर चेहरा आवळून दिला. जरा जास्तच आवळला. पण तेराव्याची घाई होती, कुणी काही बोललं नाही.