तुम्ही विचारलंत म्हणून: शिंपल्यांचं काम का सोडलं?

लग्नात विचारतात, ट्रेनमध्ये विचारतात. परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात यंत्र घालून विचारलं, ‘तुमचं ते शिंपल्यांनी रक्तातली साखर मोजायचं काम का सोडलंत?’ उत्तर देण्याची सोय नव्हती, बरंच झालं.

एक तर मी शिंपले कधी कुटले नाहीत. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेटची द्रावणं एकत्र ढवळली की अर्ध्या मिनिटात सगळं दुधाळ होतं आणि शिंपला ज्याचा बनतो त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे सच्छिद्र गोळे तयार होतात, जेमतेम काही मायक्रोमीटरचे. त्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज, म्हणजे साखरेवर काम करणारं एन्झाइम, अडकवायचं आणि इलेक्ट्रोडवर चुन्याचा हात दिल्यासारखा थर द्यायचा. भट्टी नको, आम्ल नको. शिंपल्यातल्या जिवाला जे मानवतं ते एन्झाइमलाही मानवणार, असं मी छातीठोकपणे सांगायचे. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणात, आकडेही सुरेख यायचे.

मग रुग्णालयातून नमुने आले. पहिल्याला आकडा ठीक, दुसऱ्याला निम्मा, चौथ्याला जवळपास काहीच नाही. वायर बदलली, इलेक्ट्रोड बदलला, मग नमुने नीट ठेवले नसतील म्हणून रुग्णालयाच्या नावाने बोटं मोडली. संध्याकाळी इलेक्ट्रोड उजेडात धरला, तर पांढरा थरच गायब. खालचा काळा कार्बन स्वच्छ दिसत होता. आमच्या टेक्निशियन ताई हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, राखाडी टोपणाच्या नळ्या आहेत. फ्लोराइडबरोबर ईडीटीए आहे यांत.’ रक्त गोठू नये म्हणून घातलेलं ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं. त्याचीच बाटली माझ्या फळीवर होती. गोळे विरघळवायला दर आठवड्याला मीच वापरायचे! नळीवरचं लेबल तेवढं वाचलं नव्हतं.

शिंपला टिकतो तो कॅल्शियमची ददात नसलेल्या समुद्रात. मी त्याला कॅल्शियम मुद्दाम बांधून टाकलेल्या रक्तात बुडवलं.

म्हणून सिलिकाकडे वळले. डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, साध्या समुद्राच्या पाण्यात सिलिकाचं, म्हणजे काचेचं कवच घडवतात, ईडीटीएला ते दाद देत नाही. पण आमची सिलिका टीईओएस या कृत्रिम रसायनापासूनची. ती होताना अल्कोहोल सुटतं आणि एन्झाइम कुरकुरतं. निसर्गाचं नाव, रीत कारखान्याची.

अधूनमधून तेव्हाची मी भांडायला येते: बोटातून थेट थेंब घेतला असतास तर? त्यात कुठलं ईडीटीए? खरं आहे. पण साखरेवर एन्झाइम चाललं की ग्लुकोनिक आम्ल होतं, ते थर कुरतडणारच. किती थेंबांत? ते मी मोजलेलं नाही. गोळ्यांची पूड अजून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, आहे. ओल लागली तर सच्छिद्र गोळ्यांचं घट्ट स्फटिक, म्हणजे कॅल्साइट, होऊन बसेल, म्हणून निळी सिलिका जेल गुलाबी झाली की मीच बदलते.