काका, ६२०५ बेअरिंग किती?

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या प्रायव्हेट कंपनीची उलाढाल २०० कोटींवर गेली तेव्हा पेढे वाटले. मग कळलं, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ प्रमाणे आता अंतर्गत लेखापरीक्षक नेमावा लागणार. वर्षअखेरीचं ऑडिट करणाऱ्या सीएंना हे काम घेता येत नाही, म्हणून दुसरी फर्म आली. आणि पहिली धाड माझ्या स्टोअरवर, म्हणजे कंपनीच्या मालाच्या कोठारावर.

सीए होण्यासाठी आर्टिकलशिप करणारी त्यांची एक मुलगी आली. माझी नोकरी तिच्या वयाएवढी. "काका, ६२०५ बेअरिंग किती?" ६२०५ हा बेअरिंगचा नंबर. सिस्टिममध्ये ४८, बिन कार्डावर (मालाजवळच्या हाती नोंदीच्या कार्डावर) ४४, रॅकमध्ये ४१. तिनं खोकी उघडून दोनदा मोजले. चार नग मेंटेनन्सवाल्यांनी रात्रपाळीत नेले होते. कार्डावर लिहिले, स्लिप माझ्या ड्रॉवरमध्ये, सिस्टिमला एन्ट्री करायची राहिली. उरलेल्या तिनांचा पत्ता आजही नाही.

खरी गोची जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाच्या चलनांत निघाली. प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) पाठवलेल्या मालाची सहा चलनं चौदा महिने उघडी, माल परत आल्याची नोंदच नाही. जीएसटीत असा कच्चा माल वर्षभरात परत आला नाही तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात. कर भरा, वर व्याज. माल तर आला होता! पण दुसऱ्याच लॉटबरोबर, आणि जुना चलन नंबर कुणी टाकलाच नव्हता. दोन दिवस प्लेटरकडच्या गेट रजिस्टरची पानं उलटली. पाच जुळली, सहाव्याचा कर भरला.

मला लागलं ते रिपोर्टमधलं एक वाक्य: 'जीआरएन, इश्यू आणि स्टॉक अॅडजस्टमेंट, तिन्ही अधिकार एकाच युजरकडे. जोखीम: उच्च.' माल आल्याची नोंद, माल देणं आणि साठ्याचा आकडा बदलणं, सगळं माझ्याच हातात. म्हणजे सरळ चोरच म्हणायचं की! ऑडिट फर्मच्या साहेबांशी भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "ती तीन बेअरिंग तुम्ही नेली नाहीत, हे उद्या कुणी विचारलं तर कशावरून दाखवाल?"

मी गप्प. 'व्यवस्थापनाचं उत्तर' हा रकाना मग मीच भरला, तीनदा खोडून.

आता अॅडजस्टमेंट अकाउंट्सच्या मंजुरीशिवाय होत नाही. त्यात दोन दिवस जातात, चिडचिडही होते. परवा तिकडून फोन आला, "काका, दोन ओ-रिंग कमी कशा?" म्हटलं, या, आणि मोजून जा.