तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्डरी आटल्यावर माणसं कशी सांभाळायची?

भोसरी, चाकण, सातपूर, गोकुळ शिरगाव, कुपवाड, कुठल्याही एमआयडीसीत जा. वीस-पंचवीस माणसांचं मशिन शॉप (मशिनवर धातूचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना) चालवणारे, विशेषतः वडिलांच्या हातून नुकताच कारभार घेतलेले तरुण, मला पुन्हा पुन्हा एकच विचारतात: "शेड्यूल निम्म्यावर आलंय, माणसं धास्तावली आहेत, त्यांना धीर कसा द्यायचा?"

धीर भाषणाने येत नाही, असं माझं ठाम मत आहे. तो येतो तारखेने. पगार अमुक तारखेला होईल असं तुम्ही सांगितलं आणि त्याच तारखेला तो झाला, पुढचं बोलणं अमुक दिवशी म्हणालात आणि त्या दिवशी खरंच उभे राहिलात, की माणूस रात्री झोपतो. म्हणून माणसांपुढे जाण्याआधी तुमच्या हातात खरा आकडा हवा.

एका कागदावर पुढचे तेरा आठवडे मांडा. प्रत्येक आठवड्यासमोर नक्की येणारे पैसे, नक्की जाणारे पैसे आणि उरलेली शिल्लक लिहा. समजा, २४ माणसांचा पगार पीएफ आणि ईएसआयसी (कामगार आरोग्य विमा) धरून ५,४०,०००, मशिनचा हप्ता १,६०,०००, शेडचं भाडं ७०,००० आणि वीज, सिक्युरिटी, किरकोळ मिळून ५०,००० आहे. म्हणजे काहीही न बनवता महिन्याला ८,२०,००० जाणार. बँकेत ९ लाख आणि नक्की येणारं ११ लाख धरलं, तर तुमच्याकडे साधारण दहा आठवडे आहेत. यात हमखास एक चूक होते. येणी बिलावरच्या तारखेने धरली जातात. त्या-त्या गिऱ्हाइकाने मागची तीन बिलं प्रत्यक्षात किती दिवसांनी दिली ते पाहा आणि तेवढेच दिवस धरा. विजेच्या बिलातला, मंजूर भारावर लागणारा मागणी आकार मशिन बंद असलं तरी लागतो, हेही अनेकांच्या लक्षात पहिलं बिल आल्यावर येतं.

वसुली हे अशा काळात मालकाचंच काम आहे, अकाउंटंटवर ढकलण्याचं नव्हे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून या मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीलाही थकलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. मार्चच्या आधी त्यांच्या पर्चेसवाल्यापेक्षा अकाउंट्स विभागाला ही आठवण नम्रपणे करून दिली, तर पैसे हलतात.

आकडा हातात आला की बोला, आणि लवकर बोला. तुम्ही गप्प राहिलात तरी शॉपवर सगळं कळलेलंच असतं. कच्च्या मालाचा रॅक रिकामा दिसतो, टेम्पो रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा येतो, इन्सर्टचा (धातू कापणाऱ्या टूलच्या बदलायच्या टोकांचा) एक डबा मागितला तर स्टोअरवाला दोन नग देतो. यातून माणसं आपापला हिशेब करतात, आणि तो खऱ्यापेक्षा नेहमी जास्त वाईट असतो. तोवर तुमचा सगळ्यात चांगला सेटर (मशिनवर नवीन काम लावून देणारा) शेजारच्या गल्लीत चौकशी करून आलेला असतो. ज्याला दुसरीकडे सहज काम मिळतं तोच पहिला जातो, आणि नेमका तोच तुम्हाला हवा असतो.

बोलण्याची पद्धत साधी ठेवा. आधी सुपरवायझरना दोन तास अगोदर सांगा. त्यांना सगळ्यांबरोबरच कळलं, तर शॉपवर त्यांचा शब्द चालत नाही. मग शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्टची माणसं असताना, मशिन बंद करून पंधरा मिनिटं. केबिनमध्ये बोलावू नका, मशिनजवळ उभं राहून बोला. मराठीत, आणि बिहार-उत्तर प्रदेश-ओडिशाची मुलं असतील तर त्यांच्यासाठी हिंदीतही तितकंच सविस्तर. त्यांना दोन वाक्यांत गुंडाळलं, तर ती त्याच रात्री गावच्या गाडीचं तिकीट पाहतात. सांगायचं एवढंच: काम किती घटलं, किती महिन्यांचा पगार आज हातात आहे, कशावर निर्णय झाला, कशावर झालेला नाही, आणि पुन्हा कधी बोलणार. दर सोमवारी सकाळी साडेआठ ठरवलंत, तर नवीन काही नसलं तरी सोमवारी उभे राहा आणि "गेल्या आठवड्यासारखंच आहे" एवढं सांगा. एक सोमवार चुकला की त्या दिवशी दुपारपर्यंत पाच अफवा फिरतात.

दोन वाक्यं तोंडातून काढू नका. एक, "काळजी करू नका." पाठीमागे आकडा नसेल, तर हे ऐकूनच काळजी सुरू होते. दुसरं, "कुणालाही काढणार नाही." एप्रिल २०२०मध्ये मारुती सुझुकीने देशात एकही गाडी विकली नाही. असे महिने येतात आणि असला शब्द कुणाला पाळता येत नाही. "जूनअखेरपर्यंत कुणाला काढणार नाही, १५ जूनला पुढचं सांगतो," असं म्हणा. ते पाळता येतं.

आता खर्च कापण्याचा क्रम. माणसं रकमेइतकंच क्रमाकडे बघतात. पहिली कात्री मालकाच्या घरी जाणाऱ्या पैशाला, आणि ती आकड्यासह सांगायची: मी निम्मे घेणार. मग नवीन खरेदी, मग बाहेर दिलेलं जॉबवर्क आत आणणं, मग दुसरी शिफ्ट. पगाराला हात लावायची वेळ आलीच तर वरून खाली या. मॅनेजर वीस टक्के, सुपरवायझर दहा, आणि एका ठरावीक रकमेखालच्या कुणाचाही एक रुपया नाही. कपात कायमची नसून पुढे ढकललेली असावी, प्रत्येकाच्या नावापुढे किती राहिले ते लिहिलेलं असावं. लेखी संमती घ्या आणि किमान वेतनाच्या खाली कुणालाही नेऊ नका.

इथे एक गोष्ट मालकांच्या नजरेतून सारखी सुटते. ओव्हरटाइम बंद करून ते समाधानाने म्हणतात, "मी कुणाचा पगार कापला नाही." हिशेब करून बघा. पगार १८,००० असेल, तर २६ दिवस आणि आठ तासांनी तासाला साधारण ८६ रुपये ५० पैसे पडतात. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, म्हणजे १७३. रोज दोन तास, महिन्यात वीस दिवस केले तर ६,९०० रुपयांच्या वर. त्या घरात येणारे २५,००० आता १८,००० झाले. खोलीचं भाडं, मोटारसायकलचा हप्ता आणि गावाला पाठवायचे पैसे हे सगळं पंचवीसवर बेतलेलं होतं. ओव्हरटाइम बंद करणं ही पगारकपातच आहे, असं स्वतः उघड म्हणा आणि एक महिना आधी सांगा. थोडा ओव्हरटाइम उरला असेल, तर तो पाळीपाळीने द्या आणि यादी नोटीस बोर्डावर लावा. मर्जीतल्या दोघांना दिलेला ओव्हरटाइम उरलेल्या बावीस जणांना पाठ असतो.

यातूनच उचल मागणारे वाढतात. जूनमध्ये शाळेची फी, पुढे गणपती, दिवाळी. तोंड पाहून उचल दिली की भांडणं ठरलेली. एक लाखाचा वेगळा निधी काढा, एका माणसाला जास्तीत जास्त अर्धा पगार, पाच हप्त्यांत वळती, दवाखान्याला पहिला मान, आणि वहीत सही. निधी संपला की संपला, हेही आधीच सांगून ठेवा. बोनसचं दिवाळीपर्यंत ताणू नका. कायदा लागू असलेल्या कारखान्यात तोटा असला, तरी पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, म्हणून तेरा आठवड्यांच्या कागदावर तो आधीच लिहा.

आणि पीएफ. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. हात आखडला की काही जण हेच पहिलं थकवतात, कारण त्याचा फोन लगेच येत नाही. मला हे अजिबात मान्य नाही. ते पैसे तुमचे नाहीत. आता कामगार मोबाईलवर पासबुक बघतो, एक महिना रिकामा दिसला की जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे फोन बाहेर निघतात. ईएसआयसी थकवलीत, तर आजारपणाचा भत्ता नेमका गरजेच्या वेळी अडकतो. बँकेच्या मॅनेजरशी बोलून हप्त्याची तारीख मागे-पुढे करता येईल. पीएफ-ईएसआयसी मात्र थकवू नका.

रिकामे हात हा सगळ्यात नाजूक भाग. काम नाही म्हणून बारा वर्षांच्या अनुभवाच्या फिटरच्या हातात झाडू दिला, तर तो झाडतो, पण त्या दिवसापासून तो मनाने तुमच्याकडे नसतो. सफाई करायचीच असेल तर सगळ्यांनी, मालकासकट, शनिवारी एक तास. बाकी वेळेला ज्याच्या-त्याच्या हुनराचं काम द्या. कापताना टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी पूर्ण उपसून तळाचा गाळ काढणं, मशिनच्या सरकत्या भागांतली (स्लाइडवे, बॉलस्क्रू) झीज आणि ढिलेपणा तपासून लिहून ठेवणं, जॉब पकडणाऱ्या फिक्श्चरच्या झिजलेल्या लोकेटिंग पिना बदलणं, मोजमापाची गेज कॅलिब्रेशनला पाठवणं. चालू कामात यांना वेळ मिळत नाही, म्हणून रिजेक्शन (नापास नग) वाढतं.

याहून मोलाचं म्हणजे सेटिंगचा वेळ. मंदीत ५,०००ची लॉट येत नाही, २००-३०० नगांची येते. एका जॉबवरून दुसऱ्यावर जायला तीन तास लागत असतील, तर छोट्या लॉटमध्ये पैसे उरत नाहीत. घड्याळ लावून सेटिंगची पायरी न् पायरी लिहून काढा. बराचसा वेळ पाना शोधण्यात, टूल आणायला स्टोअरला जाण्यात आणि पहिला नग तपासायला इन्स्पेक्टरची वाट पाहण्यात गेलेला दिसेल. टूल, जॉज (जॉब पकडणारे जबडे), ड्रॉइंग, गेज एका ट्रॉलीवर आधीचा जॉब चालू असतानाच मांडून ठेवले, तर तीनाचे दोन तास नवीन काही न विकत घेता होतात. हे काम सेटर आणि ऑपरेटर यांच्याकडूनच करून घ्या. आपल्या डोक्याने कारखान्याला काम मिळतंय, हे माणसाला दिसतं तेव्हा त्याची मान वर होते, आणि ती वर राहणं फार गरजेचं असतं.

सोबत एक तक्ता भिंतीवर लावा. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत मशिनं आणि कामं. कोण शिकतोय, कोण एकटा करू शकतो, कोण दुसऱ्याला शिकवू शकतो ते भरा. एका कामासमोर एकच नाव असेल तर तिथे आधी जोडीदार तयार करा. शिकवणाऱ्याला मात्र स्पष्ट सांगा की हे त्याची जागा घेण्यासाठी नाही. न सांगता शिकवायला लावलं, तर तो अर्धंच शिकवतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

सुपरवायझरकडेही लक्ष द्या. वरून तुमचा ताण, खालून माणसांचे प्रश्न, आणि उत्तर देण्याचा अधिकार शून्य. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फक्त त्याचं ऐका. दोन हजारांपर्यंतचा खर्च आणि दोन दिवसांची रजा त्याच्या सहीने होऊ द्या. कामगार थेट तुमच्याकडे आला, तर ऐकून घ्या, पण निर्णय सुपरवायझरमार्फतच कळवा.

एवढं करूनही माणसं कमी करावी लागली, तर? एकदाच करा. दर महिन्याला दोन-दोन काढलीत, तर राहिलेले प्रत्येक महिनाअखेरीला स्वतःचा नंबर मोजतात. त्या-त्या कामात शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे. तो मोडायचा तर कारण लेखी हवं. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १६,००० आणि नोकरी सात वर्षं असेल, तर ग्रॅच्युइटी १६,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, म्हणजे ६४,६१५ रुपये. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत बाकीचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे, तेव्हा कागद करण्याआधी सल्लागाराकडून तपासून घ्या आणि पैसे बाजूला असल्याशिवाय तोंड उघडू नका.

सांगायचं स्वतः. ठेकेदाराकडून नाही, व्हॉट्सॲपवर नाही, गेटवर सिक्युरिटीकडून तर नाहीच. टेबलावर हिशेबाचा कागद, अनुभवाचं पत्र, आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख त्याच आठवड्यात भरण्याची तयारी. ती तारीख राहिली की त्याचे स्वतःचेच पैसे काढणं अडकतं. ठेकेदारीवरच्या मुलांनाही हेच. त्यांना "उद्यापासून येऊ नको" एवढंच ऐकवलं जातं. त्यांचे थकलेले दिवस ठेकेदाराने दिले का ते तुम्ही पाहा, नाव-नंबर लिहून ठेवा. भरती पुन्हा निघाली की तुमच्या पटावरच्या काढलेल्यांना आधी बोलावणं हे त्यांच्या हक्काचंही आहे. आणि त्याच दुपारी राहिलेल्यांसमोर उभं राहून सांगा की किती गेले, का गेले, आणि आता कुठल्या तारखेपर्यंत कुणाला हात लावणार नाही.

काम परत येतं तेव्हा ते एकदम येतं, आणि पहिल्याच आठवड्यात बारा-बारा तासांच्या शिफ्ट लावायचा मोह होतो. पहिले दोन आठवडे तसं करू नका. हात बसलेले नसतात, अपघात आणि रिजेक्शन तिथेच होतात. गिऱ्हाइकाला तारीख मोकळी द्या. पैसे आले की नवीन मशिनच्या कोटेशनआधी ती पुढे ढकललेल्या पगारांची यादी काढा, आणि खालच्या नावापासून सुरुवात करून प्रत्येकाची राहिलेली रक्कम त्याच्या खात्यावर टाका.