पर्वतीच्या पायऱ्या आणि रात्रीच्या तीन ओळी

आई गेल्यानंतर सहा-सात महिने माझी झोप पार मोडली होती. रात्री दोन-अडीचला जाग येई, हात उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडे जाई आणि उजाडेपर्यंत मी काहीबाही वाचत पडून राही. मग दिवसभर डोके जड असे, घरात चिडचिड होई आणि कचेरीतल्या साध्या हिशेबातही चुका होत. आमच्या डॉक्टरांनी औषध लिहून देण्याआधी एकच प्रश्न विचारला, "सकाळचा उजेड तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पर्वती चढू लागले. पानिपतावर पुत्र विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव गमावल्यावर खचून गेलेल्या नानासाहेब पेशव्यांचा १७६१ मध्ये याच टेकडीवर अंत झाला, हे शाळेत शिकलेले होते. पण आपले माणूस गेल्यावर त्या पायऱ्या चढताना ती ओळ निराळीच आठवते. पायऱ्या शंभरावर आहेत, मात्र रुंद आणि बुटक्या असल्यामुळे पन्नाशीतल्या गुडघ्यांनाही त्या झेपतात. पहिल्या आठवड्यात मी तीनदा थांबत असे. वर पोहोचले की देवदेवेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि कठड्याशी उभे राहून खालचे शहर जागे होताना पाहायचे, एवढाच माझा कार्यक्रम असतो. मोबाइल घरी राहतो, आणि हा नियम मी फार कसोशीने पाळते, कारण तो हातात असला की डोळे वर जातच नाहीत.

डॉक्टरांच्या त्या प्रश्नामागचे कारण मला नंतर समजले. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांचे मुख्य काम दिवस उजाडल्याची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देणे हे असते; त्या वर्दीवरून रात्री झोप केव्हा यावी हेही ठरते. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारणपणे काहीशे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आत असतो, तर दिवस वर आल्यावर ढगाळ हवेतही उघड्यावर त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. त्यामुळे पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या झाल्या, की मी टेकडीचा हट्ट धरत नाही. छत्री घेऊन पायथ्याच्या रस्त्याने चालते. सुमारे तीन आठवड्यांनी मध्यरात्रीची जाग कमी झाली. दुःख कमी झाले असे मी म्हणणार नाही, पण ते सोसायला अंगात बळ आले.

सवयींच्या लांबलचक याद्यांवर माझा विश्वास नाही. पहाटे पाचला उठणे, ध्यान, वाचन, व्यायाम असे सगळे एकदम सुरू करणारी माणसे महिन्याभरात थकून स्वतःलाच दोष देऊ लागतात, आणि मला त्यांच्याविषयी खरोखर वाईट वाटते. नवी सवय रोजच्या एखाद्या जुन्या कामाला बांधून टाकावी. मी चहाचे आधण ठेवण्याआधी पायात चपला घालते.

रात्रीच्या तीन ओळींचेही तसेच आहे. अंथरूण घातले, की वहीत दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही लिहायचे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आठवडाभर हेच करायला सांगितले होते आणि त्याचा लाभ सहा महिन्यांनंतरही दिसला होता. मला यातले "का" फार मोलाचे वाटते. भाजी छान झाली, कारण शेजारच्या वहिनींनी गावाकडचा काळा मसाला दिला. कचेरीतले काम वेळेत संपले, कारण धाकट्या सहकाऱ्याने न सांगता अर्धे करून ठेवले. वही मागे चाळली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक कारणात कोणीतरी माणूस होते आणि त्यांतल्या बहुतेकांना मी ते कधी सांगितलेच नव्हते.

म्हणून आता दिवेलागणीनंतर मी रोज एकाला फोन करते. बोलणे पाच मिनिटांचे असते आणि काम काहीच नसते. काल साताऱ्याच्या मावशीला सांगितले, की आईच्या तेराव्यापर्यंत तू माझ्या शेजारी झोपत होतीस, म्हणून मला त्या रात्री निभावता आल्या. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग आईच्या लहानपणची एक गोष्ट सांगू लागली, जी मी कधीच ऐकली नव्हती. रात्री वहीत तीन ओळींऐवजी दीड पान भरले.