कडेवर कड

ऑक्टोबरमध्ये वार्षिक गोळीबार सराव होता. आमची चांदमारी म्हणजे जांभ्याची जुनी खाण, पलीकडे खाडी. मी पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर. माझं काम पेटी घेऊन फायरिंग लाइनच्या मागे उभं राहायचं आणि कुणाची रायफल अडली की धावायचं.

पहिल्या फेरीत निवृत्तीला आलेले एक हवालदारकाका होते, मालवणकडचे. थ्री-नॉट-थ्रीने, म्हणजे आता मोडीत निघत असलेल्या जुन्या .३०३ रायफलने, पाच राउंड मारले आणि पाचही भोकं तळहाताखाली झाकतील इतकी जवळ. शेजारच्या एसएलआरवाल्यांची (ही पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल) भोकं टार्गेटभर विखुरलेली. काका म्हणाले, "ही बंदूक कित्याक काढतत?"

दुसऱ्या फेरीत तीच रायफल नव्या भरतीतल्या पोराच्या हातात गेली. तिसऱ्या राउंडला बोल्ट अडला आणि पोरगं तळव्याने तो ठोकायला लागलं. काका मागून ओरडले, "मेल्या, कडेर कड बसवलंस मां? आता बोल्टाक कित्याक मारतंस?"

खोड त्या काडतुसातच आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. मागे बसली, तर बोल्ट वरच्याला ढकलतो तेव्हा ती खालच्या कडेत अडकते. मी नळी टार्गेटकडेच ठेवायला लावली, मॅगझिन काढलं, राउंड मोकळे केले. अर्धं मिनिट गेलं असेल. एसएलआरच्या ७.६२ राउंडला बाहेर आलेली कडच नाही, तिथे खोबण असते. म्हणजे ही चूक करायचीच सोय नाही.

चहाच्या वेळी वाद रंगला. काकांचं म्हणणं, नेम लागतो ना, मग झालं. मला ते अर्धंच पटतं. थ्री-नॉट-थ्री म्हणजे १९०७ सालचा नमुना, बोल्ट हाताने ओढायचा, मॅगझिनमध्ये दहा. तयारीचा माणूस मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून मारतो, पण तो तयार करायला वेळ लागतो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या स्टेशनात पोलिसांच्या हातात हीच होती आणि समोर अतिरेक्यांकडे एके-४७. दुसऱ्या महायुद्धात लढलेले माणगावचे सैनिक यशवंत घाडगे आठवा. १९४४ मध्ये इटलीत मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) नळीकडून धरून तिचा दंडुका केला. धाडसाचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण हत्यार बनवणाऱ्याने त्यातून वेगळंच शिकायचं असतं. पुढे ५.५६ मिमीची रायफल आली ती वजनासाठीही: तिचा राउंड साधारण १२ ग्रॅम, थ्री-नॉट-थ्रीचा जवळपास दुप्पट. तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. अर्थात नवी म्हणून निर्दोष, असंही नाही. कारगिलच्या थंडीत इन्सासची, म्हणजे ५.५६च्याच भारतीय रायफलची, प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकली होतीच.

कोकणात आणखी एक भानगड. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नळीवर दाबतं आणि मारा सरकतो. जुन्या राउंडच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीतला क्षार नळीत राहतो, त्यात हा खारा वारा. संध्याकाळी नरसाळं लावून उकळतं पाणी ओतलं, तरी पुलथ्रूच्या (नळी पुसायच्या दोरीच्या) चिंधीवर तांबूस डाग आलाच.

रिकाम्या पुंगळ्या मोजल्या तर एक कमी. ती मिळेपर्यंत घरी जाता येत नाही. बॅटऱ्या लावून सगळे वाकलेले, काकाही. शेवटी खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी सापडली. रजिस्टरला नोंद करून पेटीला सील मारलं तेव्हा साडेसात झाले होते.